दगडाची पेंड

"आठ दिवसांत काळडोंगराच्या दगडातून तेल काढा, नाहीतर गाव खाली करा!" राजा रणधवलानं फर्मावलं.

कुणा परदेशी व्यापाऱ्यानं त्या डोंगराचा एक दगड दरबारात पेटवून दाखवला होता. तेव्हापासून राजाला हजार दिव्यांची स्वप्नं पडू लागली होती. डोंगराखालचं गाव मात्र हबकलं. तेल निघालं नाही तर गाव जाणार. निघालं तर डोंगर खणला जाणार आणि गावची एकुलती एक नदी नासणार!

येसू तेलीण पुढं आली. "काढते की महाराज! पर आमच्या घाण्याचा रिवाज पाळायचा न्हवं?"

"पाळायचाच! राजाचा शब्द! लाकूड-पाणी लागेल ते आमचं घे." रिवाज कोणता, हे विचारायला राजाला सवड कुठली!

आठव्या दिवशी येसूनं दरबारात तेलाची एक घागर आणली आणि समई पेटवली. भक्कन काळा धूर निघाला. प्रधान भुजंगराव डोळे पुसत म्हणाले, "वाहवा! काय सुगंध!"

"एवढंच तेल?" राजानं विचारलं.

"बाकीचं धुरात गेलं, महाराज. जरा भाईर चला."

राजवाड्याच्या दारात काळ्याभोर भाजक्या दगडांचा ढीग कमानीला टेकला होता. राजाचा हत्ती आतच अडकून पडला होता.

"हे काय?"

"पेंड! ज्याचं तेल त्याच्या दारात पेंड टाकायची, ह्योच आमचा रिवाज."

"पेंड तर बैल खातात!"

"मग आणा की तुमचे बैल!"

"दहा गाड्या दगड नेलेस, मग हा ढीग एवढा कसा?"

"भाजला की फुगतो, लाहीवानी. बारा गाड्या झाल्या."

"आणि लाकूड?"

"तुमचं शिकारीचं रान संपलं. तेवढ्या लाकडाच्या मशाली केल्या असत्या तर वरीसभर उजेड पडला असता! तापले दगड निववायला पाणी तुमच्या कमळतळ्याचं घेतलं. आता तिथं बेडूकबी राहत न्हाई. पुढची पेंड कुठं टाकू? दरबारात, का राणीसाहेबांच्या महालात?"

राजा आधी लाल झाला. मग खो खो हसत सुटला. "हरलो बाई! काळडोंगर तुझ्या गावाला इनाम! आणि तुला सोन्याचं कडं!"

"मग ही पेंडही गावचीच!" भुजंगराव घाईघाईनं म्हणाले. "उचल!"

"आसं कसं, प्रधानजी? ज्यांना सुगंध आला, त्यांच्या अंगणात न्यायची!"

राजाला हसू आवरेना. त्यानं पोट धरून गाडीवानांना हाक मारली, "बाराही गाड्या प्रधानांच्या घरी!"