एका कुरणाचे तीन अर्धे

लहानपणी ऐकलेला कवड्यांचा खुळखुळाट म्हाळू धनगराच्या कानांतून कधी गेलाच नव्हता. वर्षातून एकदा देवळापुढे चौघांचा सारीपाट रंगे आणि जिंकेल त्याच्या जनावरांना वर्षभर नदीकाठचं कुरण मिळे. खेळताना कुणाला आपल्या बाजूला वळवायचं, तर त्याच्या हातात गुपचूप सुपारी द्यायची. ती जवळ असेपर्यंत त्याने देणाऱ्याची सोंगटी मारायची नाही, असा रिवाज होता.

आज कोंडाजी सुतार आणि गुणाजी माळी इनामदारांच्या सोंगटीला हातच लावत नव्हते. मार खात होता एकटा म्हाळू, आणि त्याच्या साठ मेंढरांचा चारा या पटावर होता!

शेवटी इनामदारांनी त्याच्याही हातात सुपारी सरकवली. "सोड आता, म्हाळू. अर्धं कुरण तुझं."

म्हाळूने ती सगळ्यांदेखत पटावर ठेवली. "अर्ध्या कुरणाची सुपारी मिळाली बघा मला. आणखी कुणाला?"

"आँ? मलाही अर्धंच!" कोंडाजीने कनवटीची सुपारी पटावर आपटली. पाठोपाठ गुणाजीचीही पडली.

म्हाळू सावकाश म्हणाला, "सरकार, कुरण एक आणि अर्धे तीन. मग तुमची गुरं चरणार कुठं?"

एकच हशा उसळला. कवड्या पुन्हा खुळखुळल्या आणि तिघांनी मिळून इनामदारांची एकेक सोंगटी मारली. इनामदार उठले, पागोटं सावरलं आणि घराकडे चालू लागले.