पेटीच्या तळाचं भोक

"पण उस्ताद, पाणी आत शिरलं तरी कुठून?"

परागनं विचारलं. मुलाणी उस्ताद वाकून पेटीत बघत होते.

पेटी टॉवरच्या पायाशी, लोखंडी चौकटीवर बसवलेली. रेडिओचं सगळं यंत्र तिच्यात. खालच्या खोऱ्यातल्या वाड्यांचे फोन या यंत्रावर चालायचे आणि या पावसाळ्यात ते तिसऱ्यांदा मुके झाले होते. साइट परागनं उभारलेली. पहिल्यांदा तो म्हणाला, वीज पडली. दुसऱ्यांदा म्हणाला, पेटीच भिकार. आता ऑफिसनं उस्तादांना पाठवलं होतं. साइट परागकडे ठेवायची की काढून घ्यायची, ते त्यांनी बघून सांगायचं होतं.

परागला पहिला नट आवळायला शिकवला तो याच उस्तादांनी. तरी गड्याचं नाक वरच.

"केबल आत येतात तिथं डबल सील मारलंय. दाराला नवीन रबर. फट म्हणून ठेवली नाही कुठं. मुंगीसुद्धा शिरायची नाही."

"दिसतंय," उस्ताद म्हणाले.

दाराच्या आतल्या अंगानं थेंब ओघळत होते. तळाशी बोटभर पाणी साचलं होतं.

"दिवसा पेटी तापते, रात्री गार पडते. आतल्या हवेला घाम फुटतो."

एवढं बोलून त्यांनी मेन स्विच पाडला आणि पेटीचा तळ खालून चाचपला. एका जागी बोट थांबलं.

"इथं भोक होतं. बनवणाऱ्यानं ठेवलेलं. कुणी बुजवलं?"

...

कारखान्यातूनच अशी आली, असं म्हणून परागला मोकळं होता आलं असतं. उस्ताद काही कारखान्यात विचारायला जाणार नव्हते.

"मी," तो म्हणाला. "भोक दिसलं, वाटलं पाणी इथूनच शिरणार... वीज-बीज काही पडली नव्हती, उस्ताद."

उस्तादांनी स्क्रूड्रायव्हर खालून खुपसला. सीलचा गोळा सुटला आणि सगळं पाणी परागच्या बुटांवर आलं.

"आता इथून धुकं शिरेल," पराग म्हणाला.

"शिरेल."

दोघांनी मिळून आतलं सगळं पुसून कोरडं केलं. स्विच वर केला. बऱ्याच वेळानं उस्तादांच्या फोनला रेंज आली, तसा त्यांनी तिथूनच ऑफिसला फोन लावला.

"मुलाणी बोलतोय. झालं चालू... हो, चूक परागचीच. तिन्ही वेळा... नाही, नाही. साइट त्याच्याकडेच राहू द्या."

परागला लाज वाटली आणि हायसंही वाटलं. कुठलं आधी, ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

"तिन्ही वेळा माझीच चूक, असं सांगितलंत. मग साइट माझ्याकडे कशी ठेवलीत?"

उस्ताद हत्यारं पिशवीत भरत होते. त्यांनी पिशवीची चेन लावली.

"आत शिरायचं ते शिरतंच, बाबा... बाहेर पडायला वाट आहे का, तेवढं मी बघतो."