न पाजलेले पाणी

एकदा एका घाटाखालच्या गावात असा एक वृद्ध वैद्य राहत होता, की ज्याच्याकडे औषधाला सगळे जात आणि गप्पा मारायला कुणीही जात नसे. त्याचे घर ओढ्यापलीकडे होते. माणसे येत, नाडी दाखवत, पुडी घेत आणि पाऊल उचलत. सणासुदीला त्याच्या उंबऱ्याशी ताट येई, पण ताट ठेवणारा आत येऊन टेकत नसे. वैद्याची त्याबद्दल तक्रार नव्हती. निदान त्याने ती कधी बोलून दाखवली नव्हती; आणि दाखवणार तरी कुणापाशी?

म्हातारपणी त्याने एक नवेच काम अंगावर घेतले. गावातल्या तरुण मुलामुलींना तो संध्याकाळी अंगणात जमवू लागला आणि एक विद्या शिकवू लागला. तिला तो 'पहिल्या घटकेची विद्या' म्हणे. माणूस पडला, भाजला, कापला, त्याला सर्प डसला, तर वैद्य येईपर्यंतच्या वेळात काय करावे आणि मुख्य म्हणजे काय करू नये, एवढीच ती विद्या. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडके घट्ट दाबून धरायचे, आणि थांबले का म्हणून घडोघडी उचलून पाहायचे नाही. भाजल्यावर गार पाणी ओतत राहायचे, तूप-हळद थापायची नाही. सर्प डसलेल्याला चालवायचे नाही आणि जखमेला चिरा तर मुळीच द्यायचा नाही. शुद्ध हरपली आहे पण श्वास चालू आहे, अशा माणसाला कुशीवर वळवायचे, श्वासाची वाट मोकळी ठेवायची आणि तोंडात काहीही घालायचे नाही. पाण्याचा थेंबसुद्धा नाही.

हे शेवटचे कलम ऐकायला सोपे आहे. पण आपल्याकडे कुणी कोसळला की पहिली आरोळी कसली उठते? 'पाणी आणा!' मग दहा जण दहा दिशांना पळतात, उरलेले शंभर जण पडलेल्याच्या अंगावर वाकून उभे राहतात, आणि वारासुद्धा परवानगी मागून आत येतो. बघ्यांची टिंगल करावी तेवढी थोडीच. पाण्याची मात्र टिंगल करवत नाही. जाणाऱ्याच्या मुखात पाणी घालावे, ही आपली रीत आहे. 'तहानलेला गेला' असे ज्याच्याबद्दल बोलले जाते, त्याच्या घरच्यांना चारचौघांत मान वर करता येत नाही. या रीतीत माया आहे. अज्ञानाशी भांडता येते हो, मायेशी कसे भांडणार?

वैद्य हे जाणून होता. म्हणून पट्ट्या बांधण्यापेक्षा जास्त वेळ तो एका भलत्याच गोष्टीवर घालवी. एकाला जमिनीवर निजवी, बाकीच्यांना वडीलधारे होऊन भोवती गर्दी करायला लावी आणि एखाद्याला सांगे, "यांना मागं हटव." मुले संस्कारी घरांतली. मोठ्यांसमोर ज्यांचा आवाज कधी वर गेला नाही, ती हुकूम काय सोडणार! एक जण हात जोडून म्हणाला, "काका, हरकत नसेल तर जरा मागं सरता का?" सगळे अंगण खदखदून हसले. वैद्य हसला नाही.

"काकांची हरकत आहे की नाही हे ठरेपर्यंत खाली पडलेला गेला," तो म्हणाला. "पुन्हा म्हण."

त्या मुलांत वेणू नावाची कुंभाराची मुलगी होती. बोलायला कमी, पण हाताला घाई नाही. धडा संपल्यावर बाकीची मुले पांगत, ती जरा रेंगाळे, वैद्याच्या चुलीत लाकूड सारी आणि मग घरी जाई. आपली विद्या हिच्या हाती राहील, असे वैद्याला वाटू लागले होते. खरे सांगायचे तर त्या वाटण्यात एका एकट्या म्हाताऱ्याचा थोडा स्वार्थही होता.

असाच एक बाजाराचा दिवस होता. वेणू आणि तिचा बाप माठ मांडून बसले होते. समोर तेलाच्या व्यापाऱ्याचे दुकान. हा व्यापारी आपल्या म्हाताऱ्या आईचा एकुलता एक मुलगा. बायको मागेच वारलेली, मूलबाळ नाही. माय-लेक एकमेकांना धरून होते. त्या दिवशी गिऱ्हाइकाला तेल मापता मापता तो बसल्या जागी कलंडला. तोंड एका बाजूला ओढले गेले, डोळे मिटले आणि घशातून घरघर येऊ लागली.

क्षणात गर्दी झाली. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी वहाण हुंगवली. वेणू गर्दीत घुसली आणि तिच्या तोंडून आवाज निघाला, "मागं सरा! सगळे मागं सरा!" त्या आवाजाने तिची तीच दचकली. पण माणसे खरोखरच सरली. तिने व्यापाऱ्याला कुशीवर वळवले, तोंडातली लाळ पदराने पुसली, एकाला वैद्याकडे पिटाळले. घरघर कमी झाली. श्वास संथ चालू लागला.

तेवढ्यात घरातून त्याची आई आली. हातात तांब्या, तांब्यात तुळशीचे पान.

"सर बाजूला, पोरी. पाणी घालू दे त्याला."

"आजी, आत्ता नको."

"नको? अगं, घसा कोरडा पडला असंल त्याचा. त्याच्या तोंडात पहिला थेंब मी घातला. तू कोण मला अडवणार?"

"घालू दे की गं!" गर्दीतून कुणी ओरडले. "कुंभाराची पोर आईला शिकवाया निघाली!" आणि मग एक ओळखीचा आवाज आला. तिचा बापच म्हणत होता, "वेणू, ऊठ तिथनं. लोकं बघत्यात."

वेणू उठली नाही. म्हातारीने तांब्या वाकवला तेव्हा तिने आपला तळवा मध्ये धरला. पाणी तिच्या मनगटावरून जमिनीवर सांडले. इतक्या माणसांत इतके एकटे तिला आजवर कधीच वाटले नव्हते. ती एवढेच म्हणाली, "आजी, त्याच्या पाठीवर हात ठेवा. कानाशी बोला. ऐकू येत असंल त्याला." म्हातारी कोसळल्यासारखी खाली बसली आणि मुलाला त्याच्या लहानपणीच्या नावाने हाका मारू लागली.

वैद्य आला. त्याने नाडी पाहिली, डोळ्यांच्या पापण्या उघडून पाहिल्या, आणि शहरातल्या मोठ्या दवाखान्याकडे न्यायला गाडी जुंपायला सांगितले. आई गाडीत बसली, वैद्यही बसला. पण घाट अर्धा चढून होण्याआधीच व्यापाऱ्याचा श्वास थांबला.

गावात एकच वाक्य फिरले: तहानलेला गेला. त्याला पाणी मिळू दिले नाही ते वेणूने.

त्यानंतरचे दिवस वेणूला फार जड गेले. पाणवठ्यावर ती गेली की बायका घागरी उचलून पलीकडे होत. बाजारात तिच्या बापापुढे माठांची उतरंड तशीच राही. ज्या पोरीने मरणाऱ्याला पाणी दिले नाही, तिच्या हातच्या माठातले पाणी कोण पिणार? बाप तिला रागावत नव्हता. रागावला असता तर बरे झाले असते. तो नुसता न खपलेले माठ संध्याकाळी परत गाडीत भरी आणि तिच्याकडे न पाहता जेवून उठे. बरोबर शिकणारी मुलेमुलीही रस्त्यात दिसली की दुसऱ्या गल्लीने जात. दोष त्यांनाही द्यायला नको. त्यांच्याही घरी वडीलधारे होतेच.

शेवटी गावकऱ्यांनी वैद्याला पारावर बोलावले. सगळा गाव जमला होता. पाराच्या कडेला व्यापाऱ्याची आई कोरड्या डोळ्यांनी बसली होती. मुलगा गेल्यापासून ती रडली नव्हती, आणि गावाला त्याचीच धास्ती वाटत होती. एका कोपऱ्यात वेणू उभी होती. आज गुरुजी खरे काय ते सांगतील, या आशेने ती आली होती.

"वैद्यबुवा," पाटील म्हणाले, "पोरीनं केलं ते बरोबर की चूक, तुम्हीच सांगा."

वैद्याने सगळ्यांवरून नजर फिरवली. ती म्हातारीपाशी थांबली.

"तिला मी तसं शिकवलं होतं," तो म्हणाला. "बोल लावायचा तर मला लावा."

"ते झालं हो. पण बरोबर शिकवलं की चूक?"

वैद्याने काठी उचलली आणि खाली मान घालून ओढ्याकडे चालू लागला. गावाने काय समजायचे ते समजून घेतले.

वेणू त्याच्या मागोमाग गेली. त्याच्या अंगणात पोहोचेपर्यंत तिने कसाबसा धीर धरला होता.

"गुरुजी, माझं चुकलं का?"

"नाही."

"पाणी घालू दिलं असतं तर?"

"श्वासाच्या वाटेनं उतरलं असतं. तिथंच बाजारात गुदमरला असता."

"मग घाटात का गेला?"

"डोक्यातली शीर फुटली होती, वेणू. ते तुझ्या हातात नव्हतं. माझ्याही नव्हतं."

"मग एवढं एक वाक्य पारावर का नाही बोललात?" तिचा आवाज फाटला. "माझ्या बापाचे माठ पडून आहेत. माझ्याशी कुणी बोलत नाही. दोष अंगावर घेतलात, पण पोरीचं बरोबर होतं, एवढं नाही म्हणालात!"

म्हाताऱ्याने तिला बसू दिले. मग विचारले, "पारावर कोण कोण होतं?"

"सगळा गाव."

"आणि?"

"त्याची आई."

"ते वाक्य गावानं ऐकलं असतं आणि चार दिवसांत विसरलं असतं. तिनं ते मरेपर्यंत रोज ऐकलं असतं. 'तुझ्या हातातल्या पाण्यानं तुझा लेक गेला असता.' तिच्यापाशी आता लेक नाही, सून नाही, नातवंड नाही. एक राग तेवढा आहे. तो तुझ्यावर आहे, म्हणून तिचा स्वतःवर नाही." त्याने काठी बाजूला ठेवली. "वाहती जखम दाबून धरणाऱ्याचेच हात माखतात, पोरी. तुझा हात त्या म्हातारीच्या जखमेवर आहे. थांबली का म्हणून इतक्यात उचलून पाहू नकोस. गावाला मी सांगेन. घरोघरी जाऊन, एकेकाला, ती नसताना. आधी तुझ्या बापाला. पण त्याला वेळ लागेल, आणि तोवर तुला एकटीला राहावं लागेल. किती दिवस, ते मला सांगता येत नाही."

वेणूने त्या अंगणाकडे पाहिले, त्या एकाच माणसाच्या चुलीकडे पाहिले. या घरात गप्पा मारायला कुणी का येत नाही, हे आजवर तिने कधी विचारले नव्हते. आजही विचारले नाही; विचारायची गरज उरली नव्हती.

वैद्य त्याच संध्याकाळी काठी टेकत कुंभाराच्या घरी गेला. दुसऱ्या दिवशी वेणूच्या बापाने जेवताना तिच्या ताटात आपल्या हाताने भाकरी वाढली.

सुतक फिटल्यावर वेणू व्यापाऱ्याच्या घरी गेली. दुकानाला फळ्या लावलेल्या होत्या. म्हातारी आतल्या पडवीत भिंतीला टेकून बसली होती.

"कशाला आलीस?"

"बसायला."

म्हातारीने तोंड फिरवले. वेणू बसून राहिली. ऊन उंबऱ्यावरून सरकत आत आले. मग म्हातारी एकदम म्हणाली, "तू पाणी घालू दिलं नाहीस माझ्या लेकाला."

खरे वाक्य वेणूच्या ओठांपर्यंत आले. ते वाक्य बोलली असती तर तिची सुटका होती. गावात मान मिळाला असता, माठ खपले असते. बोलायला क्षण लागला नसता. तिने म्हातारीचे हात पाहिले. दोन्ही हात रिकामे होते.

"होय, आजी," ती म्हणाली. "मीच घालू दिलं नाही."

म्हातारीने हात उगारला. तिने वेणूच्या खांद्यावर एक फटका मारला, मग दुसरा मारला, मग जोर संपला, आणि ती त्याच खांद्यावर कपाळ टेकून मोठमोठ्याने रडू लागली. मुलगा गेल्यापासून ती पहिल्यांदाच रडत होती. शेजारच्या बायका दारापर्यंत धावत आल्या आणि तिथेच थबकल्या.

वेणूने कुणाकडे पाहिले नाही. तिने म्हातारीच्या पाठीवर हात ठेवला आणि तिचे रडणे आपोआप थांबेपर्यंत तो काढला नाही.

आपल्या मुलांना पट्टी बांधायला अवश्य शिकवा. पण बरोबर वागल्यावरही काही काळ एकट्याने बसावे लागते, हे त्यांना सांगायला विसरू नका.