चंडोलिणीचं घरटं आणि माघातली आग

सकाळचे सहा. माघ सरत आलेला. कुरणवाडीमागचा गवताळ डोंगर.

सरपण वेचायला छोटी येसू एकटीच आली होती. बाप नव्हता, आई पावसाळ्यापासून अंथरुणाला खिळलेली. पण पोरीचे डोळे मोठे चौकस! पानं झडलेल्या पळसावर पहिलंवहिलं केशरी फूल तिनं टिपलं. तांबट पक्ष्याची टुकटुक ऐकली. गवतात तर चंडोलीण बसलेली, पोटाखाली इवलीइवली ठिपकेदार अंडी!

"वसंत आला गं!" येसू पुटपुटली.

"चला, कुणाला तरी दिसला!" पळसाच्या मखमली कळीतून बोटभर सोनेरी परी उतरली.

"अगं बया! फुलपाखरू बोलतंय!"

"फुलपाखरू? नीट बघ की!" परी फुरंगटली, मग हसली. "वसंताला पहिल्यांदा ओळखेल त्याची एक इच्छा मी पुरवते. पण एकच हं. आणि जळून गेलेलं मला परत आणता येत नाही."

तेवढ्यात धूर आला. खालून आग चढत होती. माघात डोंगर पेटवला की गवत दाट येतं, असं कुरणवाडीत पणज्यापासून सांगतात. गवत न पेटवताही येतं. जळतात ती घरटी.

येसूच्या ओठांवर 'आई' होतं. ती घुटमळली. ज्वाळा पुढे सरकल्या. चंडोलीण जागची हलेना.

"आग विझव!" येसू रडत म्हणाली.

"आणि आई?"

"आईला मी आहे. हिला कोण आहे?"

परीनं पंख झटकले. दवाचे लाखो चमचमते थेंब बरसले, आग विझली.

"दुसऱ्यासाठी मागणाऱ्याला न मागताही मिळतं," परी हळूच म्हणाली. "हा नियम मी आधी सांगत नसते." लख्ख उजेड झाला आणि त्यात ती विरून गेली.

"येसे, कुठं उलथलीस गं?" पायवाटेनं आई चालत येत होती. स्वतःच्या पायांनी!

येसू धावत जाऊन बिलगली. पण खालचा उतार काळाठिक्कर पडला होता. तिथंही घरटी होती, सशाची पिल्लं होती.

"आई, मी लवकर बोलले असते तर?"

"आग तू लावलीस का?"

संध्याकाळी आई थेट पारावर गेली. "काडी कुणी लावली?"

"दरवर्षीचंच आहे ते, बाई," पारावर बसलेले भिवातात्या म्हणाले.

"दरवर्षी कोण लावतं, तेच विचारतेय."

कुरणवाडीत अजून कुणीही उत्तर दिलेलं नाही.