धोंड्याला केलेला नमस्कार

मुलांनो, एका डोंगराच्या पोटात खोल गुहा होती आणि तिथे सशांचे एक कुटुंब नांदत असे. त्या घरी माळावरची एक ससुली सून म्हणून आली. माहेरची आठवण म्हणून तिने सोनकीचे पिवळेधमक फूल तोंडात धरून आणले होते. भर उन्हातून ती गुहेत शिरली आणि तिच्यापुढे नुसता काळोख. सासूबाईंना नमस्कार करायला म्हणून ती वाकली, ती नेमकी एका गोल धोंड्यापुढे!

"अगं वहिनी, तो धोंडा आहे! आई इकडे आहे," नणंद खो-खो हसली.

"आंधळी सून पदरात पडली म्हणायची," सासूबाई पुटपुटल्या.

ससुलीला आई आठवली. तिन्हीसांजेला आई म्हणायची, "थांब जरा बाळे, डोळ्यांना दम खाऊ दे." आईला नाव ठाऊक नव्हते, पण आपल्या डोळ्यांत दंडपेशी असतात. उन्हात त्या दिपून जातात आणि अंधुक जागी हळूहळू जाग्या होतात. मग त्यांना चिमूटभर उजेडही पुरतो. रंग तेवढे कळत नाहीत. झालेही तसेच. थोड्या वेळाने ससुलीला धोंडा दिसला, सासूबाईंच्या फुगलेल्या मिशाही दिसल्या. फूल मात्र राखाडीच राहिले. त्याचा पिवळा रंग तिला डोळे मिटूनच पाहावा लागे.

एके दुपारी गुहेच्या तोंडाशी कोल्हा आला. सगळे पळायच्या बेतात होते, तोच ससुली कुजबुजली, "हलू नका! तो उन्हातून आलाय, आत्ता त्याला काही दिसत नाही. त्याचे डोळे सरावायच्या आत बाजूने निसटू."

कोल्हा आत शिरला. छताला लटकणाऱ्या वटवाघळांच्या घाणीच्या उग्र वासापुढे त्याचे नाकही चालेना. पायाला काहीतरी गोल लागले. "सापडलास!" म्हणत त्याने कडकडून चावा घेतला, आणि त्याचा दातच तुटला. तो विव्हळतोय तोवर ससुलीने फूल उचलले आणि सगळे त्याच्या शेपटीजवळून बाहेर पडून करवंदीच्या जाळीत शिरले.

"सूनबाई, तुला गं कसं कळलं?" सासूबाईंनी धापा टाकत विचारले.

"मी नमस्कार केला होता ना, सासूबाई, तोच तो धोंडा."

या वेळी नणंद हसली नाही. ससुलीने फूल खाली ठेवले. ते वाळले होते, पण उजेडात अजून पिवळेच होते.

तात्पर्य : नव्या जागी डोळे सरावायला वेळ लागतो आणि माणसालाही, तेवढ्यात कोणाला आंधळे ठरवू नये.