मोटरवर हात ठेवा

इलेक्ट्रिकल प्रयोगशाळेतल्या मोटरला हात लागताच मैत्रिणीला सणसणीत शॉक बसला, म्हणून शर्वरी घोडकेने अहवालात सरळ लिहिलं, 'मोटरचं अर्थिंग तुटलेलं आहे.'

विभागप्रमुख खांबेटे सर भडकले. "उद्या तपासणी समिती येतेय. 'मोटर सुरक्षित आहे' असं लिही, नाहीतर नापास करीन!"

पण याच मोटरवर आता दुसरी मुलं काम करणार होती. शर्वरी नम्रपणे म्हणाली, "लिहिते, सर. पण पडताळल्याशिवाय अहवालात काही लिहायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत. मी मोटर चालू करते, तुम्ही तिच्यावर हात ठेवा."

सरांनी हात झटकन खिशात घातला. मग ओशाळून म्हणाले, "राहू दे तुझंच वाक्य. आणि आधी वायरमनला बोलाव."