शेवाळलेला धोंडा

"पण मग गेले कुठे, बुवा?"

तुळाजी धापा टाकत मठीच्या अंगणात उभा होता. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं, हात चिखलाने माखलेले.

कान्होबुवा तांदूळ निवडत होते. "कोण?"

"कोण काय विचारता! केशरी खेकडे!"

केशरी नांग्यांचे ते खेकडे पठारावरच्या त्या एकाच ओहोळात असत. पलीकडच्या ओहोळात औषधालाही सापडायचे नाहीत. ते जगवायचे, असं बुवांच्या या शिष्याने मनावर घेतलं होतं, आणि तुळाजीने एखादी गोष्ट मनावर घेतली की गावाची धडगत नसे. खेकडे पकडणं त्याने बंद पाडलं. ओहोळात गुरं उतरू देईना, बायकांना धुणं धुऊ देईना. 'मी आहे म्हणून ते आहेत,' असं चारचौघांत सांगत फिरायचा. तरी खेकडे कमीच होत चालले होते, आणि बिचाऱ्याला अन्न गोड लागत नव्हतं.

"आज एकच दिसली. मादी. पोटाखाली पिल्लं घेतलेली. मला पाहून सटकली, ती पुन्हा दिसलीच नाही. ती गेली तर सगळं संपलं, बुवा!"

"तुला दिसली कशी?"

"धोंडा उचलला. रोजच उचलतो. आहेत की नाहीत, बघायला नको?"

बुवांनी सूप खाली ठेवलं...

दोघे ओहोळावर आले. बुवांनी पाण्यातला एक धोंडा दाखवला.

"उचल."

तुळाजीने उचलला. खाली नुसतं गढूळ पाणी.

"आता ठेव."

त्याने ठेवला.

"शेवाळं कुठल्या अंगाला होतं?"

तुळाजीने वाकून पाहिलं. शेवाळलेलं अंग खाली गेलं होतं. मग त्याने मान वर केली. ओहोळभर सगळे धोंडे फिकट पोटं वर करून पडले होते...

त्याला रडू आलं.

पलीकडच्या काठाशी, दोन दगडांवर टेकलेला एक चपटा धोंडा तेवढा अजून हिरवागार होता. तुळाजी धडपडत तिकडे निघाला.

"ती याच्याखालीच असणार! एकदाच बघतो, बुवा. आहे एवढं कळलं, की पुन्हा हात लावणार नाही."

म्हाताऱ्याच्या अंगात कुठून बळ आलं कोण जाणे. बुवा त्याच्याआधी पोचले आणि त्या धोंड्यावर मांडी घालून बसले.

"उठा ना, बुवा."

बुवांनी मांडी आणखी घट्ट घातली.

"निदान सांगा तरी. आहे का ती खाली?"

बुवांनी डोळे मिटून घेतले.

तुळाजी पाण्यातच येरझारा घालू लागला. थांबला. पुन्हा चालू लागला.

"बुवा, कळल्याशिवाय मला चैन पडायचं नाही हो!"

"मग नको पडू दे," बुवा म्हणाले. "तिच्यासाठी एवढं कर."